तहहयात मुंबईच्या बाजूने

ज्या संघाचा सामना पाहण्यासाठी तिकिटांच्या रांगा लागत नाहीत, ज्याच्या विजयानंतर नाक्यानाक्यावर फटाके वाजत नाहीत आणि ज्याचे पुष्कळसे खेळाडू सकाळच्या लोकलमधून खांद्यावरचे किट सांभाळीत मैदानावर रुजू होतात, अशा एका प्रांतिक क्रिकेट संघावर एखाद्या व्यक्तीने बालपणापासून वार्धक्यापर्यंत अव्यभिचारी निष्ठा ठेवावी, त्या निष्ठेचा कोठेही गवगवा करू नये, आणि तिच्या मोबदल्यात त्या संघाकडून एका स्वाक्षरीचीसुद्धा अपेक्षा धरू नये, ही गोष्ट दुर्मीळच म्हणावी लागेल. देशाच्या संघावर प्रेम करणे सोपे आहे, कारण त्या प्रेमाला राष्ट्राभिमानाचे अधिष्ठान असते आणि कोट्यवधी लोकांची सोबत असते. मुंबईच्या रणजी संघावरील प्रेमालाही एके काळी हजारोंची सोबत होती. ब्रेबर्न स्टेडियमच्या पायऱ्या रणजी सामन्यांनाही भरत असत. पुढे ती गर्दी ओसरत गेली, सोबतीचे लोक एकेक करून पांगले, काही निवर्तले, काहींना इतर करमणुकी गवसल्या. आणि गिरगावातील एका चाळीत राहणारी, आता सत्त्याऐंशी वर्षांची असलेली एक स्त्री मात्र आपल्या जागेवरून हलली नाही. त्यांचे नाव ह्या लेखात येऊ नये, ही त्यांनी मला घातलेली एकमेव अट. वाडीतली लहानथोर मंडळी त्यांना काकू म्हणतात. मीही तेच संबोधन योजतो.

काकूंच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल खारव्याच्या रुमालांत बांधलेल्या वह्यांची चवड आहे. धोबीतलावानजीकच्या एका न्यायालयाच्या दप्तरात त्यांनी कारकून म्हणून चाकरीला प्रारंभ केला आणि तेथूनच त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यामुळे कागद जपण्याची, त्यांवर तारीख घालण्याची आणि एकदा केलेली नोंद मागाहून न खोडण्याची जी शिस्त सरकारी दप्तरात अंगी बाणते, तीच त्यांनी ह्या वह्यांना लावलेली दिसते. प्रत्येक हंगामाची एक वही. डाव्या पानावर वर्तमानपत्रातून कापून खळीने चिकटवलेला धावफलक, उजव्या पानावर निळ्या शाईत काकूंच्या हस्ताक्षरातील शेरा. ज्या सामन्याला त्या स्वतः हजर होत्या त्याच्या माथ्यावर तांबड्या शाईत 'समक्ष' एवढाच शब्द. कात्रणे पिवळी पडली आहेत, काही कसरीने खाल्ली आहेत. तथापि अक्षर जसेच्या तसे आहे. १९५२ च्या वहीतील शाळकरी वळण आणि अलीकडच्या वहीतील किंचित कंप पावलेली वेलांटी ह्यांच्यामधून एका मनुष्याचे सबंध आयुष्य सरकत गेले आहे, हे पाने उलटताना ध्यानात येते.

वह्यांचा प्रारंभ १९५१-५२ च्या अंतिम सामन्यापासून होतो. मुंबईची गाठ होळकर संघाशी होती. काकूंचे थोरले बंधू, ज्यांना त्या आजही 'दादा' म्हणतात, त्यांचे बोट धरून परकर-पोलक्यातली ही मुलगी ठाकूरद्वारावरून चालत चर्चगेटला गेली. दादांनी वाटेत पूर्वपीठिका सांगितली : सात वर्षांपूर्वी ह्याच होळकर संघाविरुद्ध मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा कशा रचल्या, विजय मर्चंटांनी २७८ धावा कशा काढल्या, आणि युद्धकाळात हिंदुस्थानात आलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांच्या बाजूने २४९ धावांवर नाबाद राहूनही मुंबईने तो सामना ३७४ धावांनी कसा जिंकला. मुलीच्या मनात ह्या आकड्यांची अद्भुतकथा झाली होती. परंतु त्या दिवशी जे दृश्य तिच्या अंतःकरणावर कोरले गेले ते मुंबईच्या खेळाडूचे नव्हते. होळकरांचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू त्या वेळी छप्पन्न वर्षांचे होते. दत्तू फडकरांचा एक उसळता चेंडू त्यांच्या मुखावर आदळला, पुढचे दात निखळले, आणि त्या वृद्ध सेनानीने उपचारासाठी तंबूत परतण्याचे नाकारून पुन्हा पवित्रा घेतला. मुंबईने सामना प्रचंड फरकाने जिंकला. काकूंच्या पहिल्या पानावर विजयाची नोंद एका ओळीत आहे, आणि खाली मुलीच्या अक्षरात लिहिले आहे की नायडू बाद झाले तेव्हा आमच्या लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

मला हे पान फार महत्त्वाचे वाटते. एखाद्या संघावरची भक्ती ज्या क्षणी जडते, त्याच क्षणी प्रतिपक्षाविषयीचा आदरही जर तिच्यात मिसळला गेला, तर ती भक्ती पुढे कधी विखारी होत नाही. काकूंच्या सात दशकांच्या नोंदींत प्रतिस्पर्ध्याला उद्देशून लिहिलेला एकही हीन शब्द मला आढळला नाही. पंचांविषयी मात्र दोन-तीन ठिकाणी कडक शेरे आहेत; ते मी येथे देत नाही.

त्यानंतरची वर्षे म्हणजे मुंबईच्या ऐश्वर्याचा काळ. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईबाहेर गेला नाही. त्या पंधरा वर्षांत काकू न्यायालयात नोकरीला लागल्या, गिरगावातल्याच दुसऱ्या एका वाडीत त्यांचा विवाह झाला, दोन अपत्ये झाली, सासूबाईंचे दीर्घ आजारपण निभावले, दादा परगावी बदलून गेले. आणि ह्या सर्व उलथापालथींत एक गोष्ट मात्र अविचल राहिली, ती म्हणजे हंगामाच्या शेवटी मुंबई जिंकत असे. राजस्थानचा संघ ह्याच काळात सात वेळा अंतिम सामन्यात मुंबईपुढे उभा राहिला आणि सातही वेळा रिक्त हस्ते परतला. एखाद्याला वाटेल की भक्ताच्या दृष्टीने हाच सुवर्णकाळ, आणि ह्या काळातील वह्या सर्वांत रसाळ असणार. प्रत्यक्षात त्या सर्वांत कोरड्या आहेत. धावफलक, दोन ओळी, संपले. मी ह्याविषयी विचारले तेव्हा काकू किंचित थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, जिंकणं अंगवळणी पडलं होतं. हरल्यावर काय करायचं ते मला ठाऊकच नव्हतं. ते काही बरं नव्हे."

अपवाद दोन. पहिला १९७०-७१ चा. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर आणि अशोक मंकड हे मुंबईचे पाच मोहरे वेस्ट इंडिजमध्ये भारतासाठी लढत होते, सारे शहर तिकडच्या बातम्यांकडे डोळे लावून बसले होते, आणि इकडे सुधीर नाईक ह्यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. काकूंनी त्या वर्षी नाईकांविषयी सबंध पानभर मजकूर लिहिला आहे. हे गृहस्थ पुढे वानखेडेच्या खेळपट्टीचे जाणते निगराणीकार झाले आणि २०२३ मध्ये वारले. काकूंनी ते जुने पान काढून त्याच्या समासात मृत्यूची तारीख घातली आहे. दुसरा अपवाद १९७२-७३ च्या चेपॉकवरील अंतिम सामन्याचा. मुंबईचे दोन डाव अवघे १५१ आणि ११३. पण पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच गडी टिपले, तामिळनाडूचा संघ ८० आणि ६१ धावांत आटोपला, आणि पाच दिवसांचा नियोजित सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपुष्टात आला. काकू मद्रासला गेल्या नव्हत्या, त्यामुळे माथ्यावर तांबडी शाई नाही. परंतु शिवलकर हे नाव ह्या पानापासून वह्यांत ज्या वारंवारतेने येऊ लागते, तिच्यावरून त्यांचा कल स्पष्ट होतो.

शिवलकरांविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे. ह्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी मिळवले आणि त्यांना भारताकडून एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. बिशनसिंग बेदी हे त्यांचे समकालीन. त्या एका स्थानासाठी बेदींच्या पुढे दुसऱ्या कोणाची वर्णी लागणे अशक्यप्राय होते. ज्याला देशाची टोपी मिळत नाही त्याच्या कर्तृत्वाची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न मला काकूंच्या वह्या वाचताना पुनःपुन्हा पडला. देशासाठी खेळलेल्यांचे चरित्रकार असतात, पुतळे असतात, स्टेडियमच्या कक्षांना त्यांची नावे असतात. शिवलकरांच्या एकेका षटकाची, त्यांतल्या निर्धाव षटकांच्या लांबच लांब मालिकेची, एखाद्या निष्फळ गेलेल्या पायचीतच्या अपिलाची आठवण ठेवणारे कोणी असेल तर ते असे प्रेक्षकच होत. २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तेव्हा काकूंनी वाडीत पेढे वाटले. ज्या नायडूंच्या रक्ताळलेल्या मुखाने त्यांची पहिली वही सुरू झाली, त्यांच्याच नावाचा सन्मान त्यांच्या आवडत्या गोलंदाजाला मिळाला, हा योगायोग त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितला.

दीर्घ नोंदी सुरू होतात त्या पराभवांपासून. मार्च १९७४ मधील बंगळूरचा उपांत्य सामना हा पहिला आघात. गुंडाप्पा विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल ह्यांनी शतके झळकावली, एरापल्ली प्रसन्नाने गावसकरांचा त्रिफळा उडवला, स्थिरावलेले वाडेकर धावबाद झाले, पहिल्या डावातील आघाडी कर्नाटकाने घेतली, आणि पंधरा वर्षांची परंपरा खंडित झाली. हा वृत्तान्त काकूंनी चार पाने लिहिला आहे. त्यात शोक आहे, तसाच एक निराळा सूरही आहे. प्रसन्नाच्या त्या चेंडूचे वर्णन त्यांनी ज्या बारकाईने केले आहे ते वाचून असे वाटते की त्यांनी तो बघितला असावा. वस्तुतः त्यांनी वर्तमानपत्रांतील वृत्तान्त ताडून, रेडिओवर ऐकलेले आठवून आणि कार्यालयातील एका कर्नाटकी सहकाऱ्याची अक्षरशः जबानी घेऊन ते वर्णन सिद्ध केले होते. साक्षीपुरावा पारखण्याच्या कचेरीत आयुष्य घालवलेल्या बाईंनी पराभवाचीही रीतसर चौकशी केली, आणि निकाल कर्नाटकाच्या बाजूने दिला. पुढच्याच वर्षी मुंबईने करंडक परत आणला.

आणि मग मे १९९१. मुंबईच्या क्रिकेटविषयी बोलताना ज्या दिवसापाशी सर्वांचा आवाज बदलतो, तो हा दिवस. वानखेडे स्टेडियम, कपिल देवचा हरयाणा संघ. हरयाणाचे ५२२, मुंबईचे ४१०. हरयाणाचे दुसऱ्या डावात २४२. शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य. न्यायालयाला उन्हाळी सुटी होती, त्यामुळे रजेचा अर्ज करावा लागला नाही. काकू सकाळीच डबा घेऊन, छत्री घेऊन हजर झाल्या. ३४ धावांत तीन गडी गेले तेव्हा आसपासची मंडळी उठून जाऊ लागली. मग नुकताच अठरा वर्षांचा झालेला सचिन तेंडुलकर दिलीप वेंगसरकरांच्या साथीस आला आणि त्याने अशी काही फलंदाजी केली की उठून गेलेले लोक रस्त्यावरून परत फिरले. तो ९६ धावांवर बाद झाला. वेंगसरकर झुंजत राहिले. गडी पडत राहिले. शेवटचा गडी अबे कुरुविला. त्याच्या साथीने वेंगसरकरांनी एकेक धाव वेचून अंतर कमी करीत आणले, आणि विजय तीन धावांच्या टप्प्यात असताना कुरुविला धावबाद झाला. मुंबई सर्वबाद ३५२. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद, आणि मैदानावर ते रडले, हे हजारोंनी पाहिले.

त्या दिवशीच्या पानावर काकूंनी वृत्तान्त लिहिलेलाच नाही. धावफलक चिकटवला आहे, माथ्यावर तांबड्या शाईत 'समक्ष' आहे, आणि उजव्या पानावर केवळ बेरीज मांडली आहे : हरयाणा ७६४, मुंबई ७६२. तीच बेरीज खाली दुसऱ्यांदा मांडली आहे, हिशेबनीस खात्री करून घेतो तशी, आणि उत्तर तेच आले आहे. "घरी कशी आले ते आठवत नाही," त्या मला म्हणाल्या. "हे दारात उभे होते. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नसे. माझा चेहरा बघून त्यांनी नुसता चहा टाकला." मी विचारले की एवढ्या दुःखानंतर हे सारे सोडून द्यावे असे कधी मनात आले का. काकूंनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली. "दोन धावा कमी पडल्या म्हणून कुणी माणसं टाकतं का?"

त्यांच्या यजमानांचा येथे उल्लेख आला, तर तोही धागा थोडा पुढे न्यावा. संगीत नाटकांचे ते वेडे होते आणि मैदानाची पायरी त्यांनी फारशी चढली नाही. ज्या काळात मध्यमवर्गीय घरातील विवाहित स्त्रीने एकटीने पाच-पाच दिवस मैदानावर जाऊन बसणे ही गोष्ट वाडीत चर्चेचा विषय होई, त्या काळात त्यांनी पत्नीच्या ह्या छंदाला बिनतक्रार मान्यता दिली, मुलांना सांभाळले आणि सासूबाईंच्या नाराजीपुढे ढाल धरली. काकू ह्या गोष्टीचे मोल फार मोठे मानतात. त्या सांगतात की ब्रेबर्नवर आणि नंतर वानखेडेवर रणजी सामन्याला येणाऱ्या स्त्रिया मोजक्याच असत, बहुतेक खेळाडूंच्या घरच्या; आणि धावफलकाची वही घेऊन एकटी बसलेली बाई पाहून शेजारचे पुरुष प्रथम बावरत, मग हळूच विचारीत की अमक्याचे किती चौकार झाले. एकदा का हा प्रश्न विचारला गेला की काकूंची त्या मैदानावरची वहिवाट सिद्ध होई. मला वाटते, आपल्याकडील क्रीडाप्रेमाच्या इतिहासात ह्या घरादारांतल्या स्त्रियांची नोंद अद्याप व्हावयाची आहे. ज्यांनी रेडिओपाशी बसून, तांदूळ निवडता निवडता, बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून मैदान डोळ्यांपुढे उभे केले, त्या श्रोत्यांत स्त्रिया किती होत्या, ह्याची कोणी गणती केलेली नाही.

काकूंचे भाग्य असे की त्यांच्या आयुष्याचा सगळा भूगोल चालत जाण्याइतक्या अंतरात सामावला होता. गिरगावातले घर, धोबीतलावची कचेरी, कचेरीला लागून आझाद मैदान, पुढे क्रॉस मैदान, समुद्राच्या अंगाला हिंदू जिमखाना, आणि चर्चगेटजवळ दोन्ही स्टेडियमे. मधल्या सुटीत डबा आटोपून त्या आझाद मैदानाच्या कडेला उभ्या राहत. तेथे एकाच वेळी एवढे सामने चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो, आणि तरीही कोणाचा कोणाशी घोटाळा होत नाही. मुंबईचा संघ खरोखर जन्मतो तो ह्या मैदानांवर : हॅरिस आणि गाइल्स ढालीच्या शालेय सामन्यांत, पुरुषोत्तम ढाल आणि टाइम्स ढाल स्पर्धांत, आणि विशेषतः १९४८ पासून डॉ. कांगा ह्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या त्या विलक्षण स्पर्धेत, जी मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते. ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात, चेंडू कोठे उसळेल आणि कोठे बसेल ह्याचा भरवसा नसताना जो फलंदाज टिकतो, त्याला पुढे कोणतीही खेळपट्टी परकी वाटत नाही. मुंबईच्या खेळाडूला लोक 'खडूस' म्हणतात; ती चिकाटी ह्या चिखलातून येते.

ह्याच आझाद मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या दोन मुलांनी, तेंडुलकर आणि विनोद कांबळी ह्यांनी, ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, हे सर्वश्रुत आहे. त्या दोन दिवसांत पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता, हेही आता पुष्कळांना माहीत आहे. काकूंच्या वह्यांत शिवलकरांच्या खालोखाल कोणाचे नाव येत असेल तर ते त्याचे. १९९४ मध्ये हरयाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. पदार्पणातील एवढी मोठी खेळी तोवर जगात कोणीच केली नव्हती. त्यानंतर वर्षानुवर्षे तो धावांच्या राशी ओतत राहिला आणि भारताच्या संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. २००६-०७ च्या हंगामात तो कर्णधार असताना मुंबईचा आरंभ इतका वाईट झाला की वर्तमानपत्रांनी त्या संघाची आशा सोडली. बडोद्यातील उपांत्य सामन्यात तर दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी पाच गडी तंबूत परतले होते. तो सामना मुंबईने जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडकही घेतला. 'शून्यावर पाच' ह्या शीर्षकाखाली काकूंनी त्या वर्षी जे लिहिले आहे, ते त्यांच्या सर्व वह्यांतील उत्कृष्ट गद्य होय. ते छापण्याची परवानगी त्यांनी दिली नाही.

त्यांचा नातू मुंबई इंडियन्सचा चाहता आहे. ह्या विषयावर आजी आणि नातू ह्यांच्यात वाद होत असेल, अशा अपेक्षेने मी गेलो होतो. तसा वाद त्या घरात नाही. आयपीएलचे सामने काकू नातवाशेजारी बसून बघतात. मात्र वही लिहीत नाहीत. ज्या संघातील खेळाडू लिलावात घेतले जातात आणि पुढच्या लिलावात दुसरीकडे जातात, त्यांच्या खेळाचा आनंद घेता येतो, पण त्यांच्यासोबत म्हातारे होता येत नाही, असे माझे मत आहे, आणि काकूंचेही त्याहून वेगळे नसावे. पण त्यांच्या निष्ठेत संकुचितपणा शोधू गेल्यास तो सापडणार नाही. त्यांच्या लहानपणी मुंबईच्या संघात पारशी होते, गुजराती होते, हिंदू जिमखान्याच्या माळ्याच्या झोपडीतून आलेला सोलकर पुढे होता. आज पालघरहून रेल्वेने येत राहिलेला शार्दूल ठाकूर आहे, भदोहीहून आलेला यशस्वी जयस्वाल आहे, आझमगढी पित्याच्या कडक तालमीत तयार झालेले सर्फराज आणि मुशीर हे भाऊ आहेत. काकूंच्या लेखी जो मैदानावरच्या चिखलातून वर आला तो मुंबईचा; त्याच्या जन्मगावाची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई आणि विदर्भ ह्यांचा अंतिम सामना झाला तेव्हा नातवाने त्यांना टॅक्सीने नेले. हा मुंबईचा अठ्ठेचाळिसावा अंतिम सामना. मुशीर खानने दुसऱ्या डावात १३६ धावा केल्या. विदर्भापुढे ५३८ धावांचे अवाढव्य लक्ष्य होते, आणि तरीही करुण नायर आणि अक्षय वाडकर ह्यांनी असा प्रतिकार केला की पाचव्या दिवशी उपाहारापर्यंत प्रेक्षक अस्वस्थ होते. शेवटी विदर्भाचा डाव ३६८ धावांवर संपला आणि मुंबईने १६९ धावांनी विजय मिळवला. अखेरचा गडी टिपण्यासाठी कर्णधार अजिंक्य रहाणेने चेंडू दिला तो धवल कुलकर्णीच्या हाती, ज्याचा हा कारकिर्दीतील शेवटचा सामना होता; आणि धवलने त्रिफळा उडवून तो सामना संपवला. हे बेचाळिसावे अजिंक्यपद. काकू सांगत होत्या की त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम कितीतरी गोलंदाज येऊन गेले, ज्यांना असा निरोप मिळाला नाही.

पुढचे वर्ष कठीण गेले. जानेवारी २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रोहित शर्मा, जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर असे नामांकित खेळाडू असूनही जम्मू-काश्मीरने मुंबईला पाच गडी राखून हरवले. फेब्रुवारीत नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भाने वचपा काढला. आणि ३ मार्च रोजी पद्माकर शिवलकर गेले. जम्मू-काश्मीरच्या विजयाची नोंद काकूंनी प्रशंसेने केली आहे. नागपूरचा पराभव त्यांनी दोन ओळींत आटोपला आहे. शिवलकरांसाठी मात्र त्यांनी नवी वही उघडली आणि जुन्या सर्व वह्या धुंडाळून, डोळ्यांना भिंग लावून, त्यांनी स्वतः 'समक्ष' पाहिलेल्या शिवलकरांच्या प्रत्येक सामन्याचा गोषवारा तीत उतरवण्यास प्रारंभ केला. मी गेलो तेव्हा ते काम अर्ध्यावर आले होते. त्या दिवशी कांदेपोह्यांची बशी पुढे सरकवीत त्यांनी मला एक जुना अधिकृत धावफलक दाखवला, ज्यात त्यांच्या मते शिवलकरांचे एक निर्धाव षटक कमी धरले गेले होते. तो त्या कोणाला तरी दुरुस्त करायला लावणार होत्या.

वाचकांपाशी माझ्या दोन विनंत्या आहेत. रणजीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. मुंबईत असाल तर वानखेडेला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानाला, पुण्यात, नागपुरात, पर्वरीत असाल तर तेथल्या मैदानाला एक दिवस द्या. सकाळच्या सत्राला जा, नावाजलेला खेळाडू बाद झाल्यावर उठू नका, आणि ज्याचे नाव तुम्ही ऐकलेले नाही अशा एखाद्या गोलंदाजाची पाच-सहा षटके नीट पाहा. दुसरी विनंती ज्यांच्या घरात काकूंच्यासारखी एखादी वृद्ध व्यक्ती आहे किंवा होऊन गेली त्यांच्यासाठी आहे. माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी अशा धावफलकांच्या वह्या, कात्रणे, सामन्यांच्या पुस्तिका असतील तर ह्या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याच्या तागडीत घालू नका. त्यांवर नाव आणि सालांची नोंद करा आणि आपल्या गावच्या ग्रंथालयाकडे किंवा क्रिकेट संघटनेकडे रीतसर पोच घेऊन सुपूर्द करा.